अ.पा.क. : महाराष्ट्र विधिमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,

स. न. वि. वि.

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर काही नावांपुढे अ.पा.क. अशी तीन अक्षरं असतात. आपल्यापैकी जे शेतकरी घरातून आलेत त्यांना ती चांगलीच ठाऊक असतील. अज्ञान पालनकर्ता. जमिनीचा मालक अजून अठरा वर्षांचा झालेला नाही, त्याच्या वतीने आई किंवा दुसरं कोणी बघतंय, एवढा त्याचा अर्थ. माझ्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, नावापुढे ही अक्षरं एकवीस वर्षं होती.

आजोबा १९५८ साली गेले तेव्हा नाना दहा वर्षांचे होते. आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली अडीच एकर जमीन आजी आणि नानांच्या नावावर लागली. १९६० साली विहिरीचं काम कातळाला लागून अडलं. पैसे संपले होते. आजीने वरच्या अंगाची दहा गुंठे बांधाशेजारच्या शेतकऱ्याला विकायचं ठरवलं, तेव्हा गावातल्या एका जाणत्या माणसाने तिला थांबवलं. पोराचा हिस्सा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, म्हणाला. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम तेव्हा नवाकोरा होता, १९५६ चा. त्याचं कलम ८ आजही तेच सांगतं : नैसर्गिक पालकाला, मग ती जन्मदाती आई का असेना, अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता किंवा गहाण ठेवता येत नाही, आणि गरज असेल किंवा मुलाचा उघड फायदा असेल तरच न्यायालयाने ती परवानगी द्यायची.

आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती एस.टी.ने साताऱ्याला जिल्हा न्यायालयात गेली. त्या परवानगीचा तीन पानी आदेश अजून आमच्या ट्रंकेत आहे. पैसे कशासाठी हवेत, विहिरीचा मुलाला काय उपयोग, ठरलेली किंमत रास्त आहे का, हे सगळं न्यायाधीशांनी तिला विचारलेलं दिसतं. शेवटी लिहिलंय की विक्रीची रक्कम विहिरीवरच खर्च करावी आणि पावत्या न्यायालयात हजर कराव्यात. आजीने त्या हजर केल्या. विहिरीला पाणी लागलं. त्या पाण्यावर नाना शिकले आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाले.

गंमत नव्हे, पण नाना चौथीच्या वर्गाला शिकवत होते तेव्हाही सातबाऱ्यावर ते अज्ञानच होते. १९७९ साली मोटारीच्या कर्जासाठी उतारा काढला तेव्हा हे लक्षात आलं. शाळा सोडल्याचा दाखला तलाठ्याकडे देऊन त्यांनी शेरा कमी करून घेतला. त्या फेरफाराची नक्कलही ट्रंकेत आहे.

आज नाना सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. २०२१ पासून त्यांना स्मृतिभ्रंश आहे. दहा वर्षांच्या नानांसाठी कायद्याने आजीच्या आवाक्यात एक दार उघडं ठेवलं होतं : जिल्ह्याच्या गावचं न्यायालय, एक अर्ज, प्रश्न विचारणारा न्यायाधीश आणि हिशेबाची अट. सत्त्याहत्तर वर्षांच्या नानांसाठी ते दार नाही. ते असावं, यासाठी हे पत्र.

आमच्या घरी काय झालं ते सांगते, कारण हे हजारो घरांत होतंय. साठीपुढच्या भारतीयांपैकी साधारण ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत निघाला आहे. अपघाताने किंवा पक्षाघाताने बेशुद्धीत गेलेली माणसं त्यात धरलेली नाहीत.

आई-नानांचं बँकेतलं खातं जोडीचं होतं. २०१७ साली आई गेली, तिचं नाव कमी केलं आणि माझं किंवा दादाचं घालायचं राहून गेलं. नामनिर्देशन मात्र केलेलं होतं. आमची समजूत अशी की वारस लावलाय म्हणजे झालं. नामनिर्देशन माणूस गेल्यावर कामाला येतं. माणूस समोर खुर्चीत बसलाय, श्वास घेतोय, चहा मागतोय, आणि त्याला आपलं खातं कळत नाही, अशा वेळी ते कोऱ्या कागदाइतकंच. हे मी इथे मुद्दाम लिहितेय, कारण शंभरातल्या नव्वद घरांत हीच गैरसमजूत आहे असं मला वाटतं.

२०१९ मध्ये, नाना पूर्ण शुद्धीत असताना, दादाच्या आग्रहावरून आम्ही रीतसर नोंदणी केलेलं कुलमुखत्यारपत्र केलं होतं. नानांनी स्वतः ते वाचून दोन चुका दुरुस्त करवल्या होत्या. आपण वेळेत शहाणपण केलं, असं आम्हाला वाटत होतं. २०२३ च्या पावसाळ्यात नानांना रात्रंदिवस माणूस लागायला लागला. महिन्याला अठरा हजार बाईंचे, औषधं वेगळी, डायपर वेगळे. पेन्शनमध्ये ते बसेना. नानांच्या एकट्याच्या नावावर सहा लाख चाळीस हजारांची ठेव होती, ती मोडायला मी मुखत्यारपत्र घेऊन बँकेत गेले. अधिकाऱ्यांनी ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, "तुमच्या वडिलांना आता कळतं का?" मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "मग ताई, हे पत्र संपलं."

मला राग आला. घरी येऊन वाचलं तर त्यांचं बरोबर होतं. भारतीय करार अधिनियम, १८७२, कलम २०१ : मुख्य माणूस मरण पावला किंवा मनोविकल झाला की मुखत्याराचा अधिकार संपतो. पत्र ज्या दिवसासाठी केलं, नेमक्या त्याच दिवशी ते मरतं. नाना दुखण्याने अंथरुणाला खिळले असते पण डोक्याने शाबूत असते, तर ते पत्र चाललं असतं. इंग्लंडने १९८५ मध्येच कायदा करून असं मुखत्यारपत्र आणलं की जे माणसाची समज गेल्यावरही टिकतं, आणि २००५ मध्ये ते अधिक नीट बांधलं. सिंगापूरने २००८ मध्ये केलं. आमच्याच गावची लंडनला राहणारी मुलगी आपल्या आजेसासऱ्यांचं सगळं अशा पत्रावर बघते. आपल्याकडे १८७२ चं वाक्य तसंच आहे.

अधिकारी माणूस म्हणून चांगले होते. ते म्हणाले, मी घरी येतो. अंथरुणावरच्या खातेदाराला सही जमत नसेल तर अंगठा चालतो, हाताचा नाही जमला तर पायाच्या अंगठ्याचा ठसासुद्धा चालतो, बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार हवेत आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. रिझर्व्ह बँकेची तशी सोय आहे. ते एका संध्याकाळी आले, सोबत शिपाई. स्लिप भरून त्यांनी नानांपुढे धरली आणि म्हणाले, "गुरुजी, इथे सही करा, ठेव मोडायची आहे." नानांनी पेन घेतलं. स्लिप उलटसुलट करून पाहिली. रकमेच्या आकड्याखाली बारीक रेघ ओढली आणि तिरप्या, सुंदर अक्षरात लिहिलं, "तपासले." खाली तारीख घातली, १९८७ सालची. मग स्लिप अधिकाऱ्यांच्या हातात देऊन म्हणाले, "पुढच्या वेळी समास सोडत जा."

अधिकाऱ्यांनी स्लिप घडी करून खिशात ठेवली. जाताना दारात म्हणाले, अंगठा घेणं मला अवघड नाही, पण त्यांना हे कळत नाही हे मी डोळ्यांनी पाहिलं, आता मी घेऊ शकत नाही. त्या माणसाबद्दल मला आदर आहे. सगळे असे नसतात. कित्येक ठिकाणी अंगठा लावून घेतला जातो आणि सगळे डोळे झाकतात. मीसुद्धा आधीचे आठ महिने नानांचं एटीएम कार्ड वापरून पेन्शन काढत होते. ते नियमात बसत नाही हे मला माहीत होतं. कायद्याने सरळ रस्ता ठेवला नाही की सरळ माणसंसुद्धा कुंपणावरून उड्या मारायला लागतात, आणि मग उडी मारणाऱ्यांत मुलगी कोण आणि चोर कोण हे ओळखायचं कसं?

आता कायदा नेमका काय म्हणतो ते थोडं सविस्तर लिहिते, कारण त्यात जे चांगलं आहे ते टिकायला हवं.

करार करायला तीन गोष्टी लागतात असं करार अधिनियमाचं कलम ११ सांगतं : माणूस सज्ञान हवा, शुद्ध मनाचा हवा आणि दुसऱ्या कुठल्या कायद्याने त्याला मनाई नसावी. सज्ञान कोण, हे वयाने ठरतं, १८७५ पासून अठरा. त्यात वाद नाही, तारीख बघितली की झालं. १८९५ मध्ये कलकत्त्याला धर्मोदास घोष नावाच्या अज्ञान मुलाने ब्रह्मो दत्त नावाच्या सावकाराकडे घरं गहाण ठेवून वीस हजारांचं खत करून दिलं. सावकाराच्या वकिलाला मुलाच्या वयाची सूचना आधीच मिळालेली होती. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि १९०३ मध्ये निकाल आला : अज्ञानाचा करार मुळातच शून्य. तेव्हापासून मुलाच्या सहीवर त्याच्यावर बोजा चढवता येत नाही, त्याला फायदा मात्र देता येतो. मुलांच्या बाबतीत कायदा इतका स्वच्छ आहे.

आणि स्वच्छ असून तो लवचीकही आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना सांगितलं की दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला हवं तर स्वतःच्या सहीने बचत खातं चालवू द्या, मर्यादा बँकेने ठरवावी. माझ्या भाचीने तसं खातं उघडलं आहे. म्हणजे करार करायला असमर्थ असलेल्या मुलीच्या हातात, झेपेल तेवढा व्यवहार, मर्यादा घालून, देता येतो हे आपण मान्य केलंय. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत हाच विचार करायला आपल्याला काय अडचण आहे?

शुद्ध मनाचं काय? कलम १२. ते मी इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय. करार करताना, त्या वेळी, माणसाला तो करार समजत असेल आणि आपल्या हिताअहितावर त्याचा काय परिणाम होईल याचा विवेक करता येत असेल, तर तो शुद्ध मनाचा. पुढे म्हटलंय की जो एरवी अशुद्ध मनाचा असतो पण अधूनमधून शुद्धीवर येतो, त्याला शुद्धीवर असताना करार करता येतो. आणि एरवी शहाणा असलेला माणूस तापाच्या भ्रमात किंवा दारूच्या अमलात असेल तर त्या वेळी त्याला करता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या या कलमाने वेडा-शहाणा असे शिक्के मारलेले नाहीत. त्याने विचारलंय ते इतकंच : आत्ता, ही गोष्ट, या माणसाला कळते का?

नानांना सकाळी नऊ ते साडेदहा कळतं. रोज नाही, पण बऱ्याच दिवशी. आंघोळ झाली, पेज घेतली, ओसरीवर ऊन आलं की ते माणसात असतात. मागच्या माघात एका सकाळी ते मला म्हणाले, "विहिरीतला हिस्सा कोणाला द्यायचा नाही. आईने कोर्टात जाऊन काढलेलं पाणी आहे ते." मी दादाला फोन लावून ते ऐकवलं. दिवेलागणीला हेच नाना मला "बाई, कुणाच्या तुम्ही?" असं विचारतात. आता मला सांगा, यातले खरे नाना कुठले? माझ्या दृष्टीने दोन्ही. सकाळच्या नानांचा शब्द पाळला गेला पाहिजे आणि संध्याकाळच्या नानांच्या सहीचा कोणी फायदा घेता कामा नये. कलम १२ मध्ये हे दोन्ही आहे. पण ते अमलात आणणारी यंत्रणा जिल्ह्यात कुठेच नाही.

ती पूर्वी होती. मानसिक आरोग्य अधिनियम, १९८७, यात एक पूर्ण प्रकरणच मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी होतं. नातेवाइकाने जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा, न्यायालयाने चौकशी करायची, व्यवस्थापक नेमायचा, हिशेब घ्यायचा. त्याच्याही आधी १९१२ च्या कायद्यात अशी सोय होती. इनामदार-जहागीरदारांच्या इस्टेटी सांभाळायला तर १९०५ मध्ये मुंबई सरकारने कोर्ट ऑफ वॉर्ड्सचा स्वतंत्र कायदाच केला होता. मग २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम आला आणि २०१८ मध्ये अमलात येऊन त्याने १९८७ चा कायदा रद्द केला. नवा कायदा रुग्णाच्या हक्कांचा आहे, मी त्याच्या बाजूची आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणूस मनोविकल ठरत नाही. हे वाक्य सोन्याचं आहे. उपचारांसाठी नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, आगाऊ सूचना लिहून ठेवता येते. पण मालमत्तेचं जुनं प्रकरण गेलं आणि त्याच्या जागी काही आलं नाही. डॉक्टरांनी कुठली गोळी द्यायची हे नानांच्या वतीने मी ठरवू शकते; त्या गोळीचे पैसे नानांच्या खात्यातून देऊ शकत नाही.

आणखी दोन कायदे आहेत, आणि दोन्ही कार्यालयांचे उंबरठे मी झिजवले. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते : जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. ही समिती पालक नेमू शकते, आणि त्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. किती चांगली पद्धत आहे! पण ती फक्त स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चौघांसाठी. कार्यालयातल्या बाईंनी मला यादी दाखवली आणि हळहळून म्हणाल्या, तुमच्या वडिलांचं यात बसत नाही हो. दुसरा, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. त्यात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे, म्हणजे ठरावीक निर्णयापुरता, ठरावीक काळापुरता, माणसाच्या इच्छेने चालणारा पालक. विचार उत्तम. पण दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांच्या यादीत पार्किन्सन आहे, स्मृतिभ्रंशाचं नाव नाही. नानांना अल्झायमरऐवजी पार्किन्सन झाला असता तर प्रमाणपत्र मिळालं असतं, हे वाक्य मला एका कार्यालयात ऐकावं लागलं. ते बोलणाऱ्याचा दोष नव्हता. त्याच्या हातातल्या यादीचा होता.

उरलं उच्च न्यायालय. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोमातल्या रुग्णांचे पालक नेमण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेशुद्धावस्थेतल्या एका माणसाच्या पत्नीला त्याची पालक नेमलं. दोन्हीकडे न्यायालयांचं म्हणणं असं की यासाठी कायदाच नाही, म्हणून आम्ही घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली, अनाथाचा नाथ या नात्याने, हे करतोय. तीच वाट आम्ही धरली. रिट याचिका, मुंबई. दादाची आणि आत्याची ना-हरकत शपथपत्रं, डॉक्टरांच्या मंडळाकडून तपासणी, मालमत्तेची यादी. अकरा महिन्यांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, आदेश मिळाला. न्यायमूर्तींनी माणुसकीने ऐकलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. आता ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला फिरत्या खंडपीठाचं (सर्किट बेंचचं) कामकाज सुरू झालं, म्हणजे आमच्या भागातल्या पुढच्या माणसाचे मुंबईचे हेलपाटे वाचतील. पण सहा लाखांची ठेव मोडायला उच्च न्यायालय? आजी १९६० साली साताऱ्याला जाऊन संध्याकाळच्या एस.टी.ने परत आली होती.

त्या अकरा महिन्यांत खर्च कसा भागवला, हे विचाराल. दादाने कर्ज काढलं. ज्यांना दादा नाही त्यांचं काय होत असेल, हे मी पाहिलंय. शेजारच्या आळीतल्या एका काकूंनी नवऱ्याची ठेव मोडता येत नाही म्हणून स्वतःचं मंगळसूत्र गहाण ठेवलं. ठेव नवऱ्याची, नवरा जिवंत, घर एकच, आणि तरी.

याच अकरा महिन्यांतली आणखी एक गोष्ट आहे. डिसेंबर २०२३ मध्ये एका संध्याकाळी आमच्या भावकीतल्या एका माणसाने शंभराच्या स्टँपवर नानांकडून विसार पावती करून घेतली. बारा गुंठ्यांची, चाळीस हजारांची, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का. मी बाजारात गेले होते, सांभाळणाऱ्या बाई स्वयंपाकघरात. वकिलामार्फत नोटीस आली तेव्हा आम्हाला कळलं. दावा चालू आहे, म्हणून अधिक लिहीत नाही. पण एवढं लिहायला हवं : आपल्याच ठेवीसाठी नानांची सही कोणी घ्यायला तयार नव्हतं, आणि त्यांची जमीन जावी म्हणून तीच सही चालली. प्रत्येक माणूस शहाणा आहे असं कायदा धरून चालतो, आणि नाही म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं असतं. हे मला मान्य आहे. उलट असतं तर कोणीही कोणालाही वेडं ठरवलं असतं. एरवी माणूस असमर्थच असतो हे सिद्ध झालं, की त्या घटकेला तो शुद्धीवर होता हे सिद्ध करायचं ओझं समोरच्यावर जातं. पण "एरवी असमर्थ" अशी नोंद आमच्याकडे तेव्हा कुठे होती? ती करून देणारं कार्यालयच नव्हतं. दहा वर्षांच्या मुलाकडून कोणी असा कागद करून घेतला असता, तर तलाठ्याच्या दप्तरातल्या तीन अक्षरांनी तो तिथेच पाडला असता.

नोंदणीचं म्हणाल तर दुय्यम निबंधकांना १९०८ च्या नोंदणी अधिनियमाच्या कलम ३५ ने अधिकार दिला आहे : समोरचा माणूस अज्ञान, जडबुद्धी किंवा वेडा दिसला तर दस्त नाकारा. शब्द तेच आहेत, एकशे सतरा वर्षांपूर्वीचे. पण दिसला म्हणजे काय? नाना धोतर-टोपीत, ताठ बसून, "नमस्कार साहेब" म्हणतात. फोटोच्या कॅमेऱ्याकडे बघून हसतात. पाच मिनिटांत ते कोणालाही तसे दिसणार नाहीत.

आपल्याकडे माझं मागणं काय, ते आता लिहिते.

दिल्लीकडे बोट दाखवण्याआधी राज्यघटनेची सातवी अनुसूची उघडावी, ही विनंती. करार आणि अभिकरण, म्हणजे मुखत्यारीसुद्धा, समवर्ती सूचीत आहे. अज्ञान मुलं, मनोविकलता, दस्तांची नोंदणी, सगळं समवर्ती सूचीत. शेतजमीन तर राज्याकडेच. केंद्राच्या कायद्याशी विसंगती येत असेल तर राष्ट्रपतींची संमती घेऊन राज्याचा कायदा राज्यात चालतो, अनुच्छेद २५४ मध्ये तशी सोय आहे. म्हणजे हे आपल्या हातात आहे.

समज गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र आधी आणावं. माणूस शुद्धीत असताना, दुय्यम निबंधकांसमोर, डॉक्टरच्या दाखल्यासह, एकाऐवजी दोन मुखत्यार नेमून करता येईल असं, आणि केव्हाही रद्द करता येईल असं. नानांनी २०१९ मध्ये जे मनापासून ठरवलं होतं, ते २०२३ मध्ये पाळलं जावं, इतकंच यात आहे. ज्यांची वेळ आधीच निघून गेली, त्यांच्यासाठी जिल्हा न्यायालयाचं दार पुन्हा उघडावं. किंवा स्थानिक स्तर समितीसारखी समिती स्मृतिभ्रंश, पक्षाघात, कोमा यांनाही लागू करावी. ठरावीक रकमेपर्यंतच्या ठेवी, पेन्शन, औषधपाणी यासाठी साठ दिवसांत निर्णय. जमीन विकायची असेल तर वेगळी परवानगी, आजीला लागली तशीच.

आणि पालकाकडून हिशेब घ्यावा. कडक घ्यावा. यावर मी सर्वांत जास्त आग्रह धरते, मी स्वतः पालक असूनही. कारण ही वाट उघडली की तिच्यावरून कोण कोण चालत येईल हे मला दिसतं. जमिनीसाठी म्हाताऱ्या बापाला, घराच्या हिश्श्यासाठी विधवा भावजयीला, घटस्फोटासाठी बायकोला डोक्याने अधू ठरवणारी माणसं आपल्या समाजात आहेत, होती. म्हणून कुठल्याही आदेशाने अख्खा माणूस खोडला जाऊ नये. कुठल्या कामासाठी, किती काळ, एवढंच लिहावं. त्या माणसाला आधी भेटावं, त्याच्या चांगल्या वेळी भेटावं, त्याच्या घरी भेटावं. बाजारातून भाजी आणणं, मंदिरात अकरा रुपये ठेवणं, नातवाला खाऊला पैसे देणं, हे त्याच्याकडून कोणी काढून घेऊ नये. करार कायद्याच्या कलम ६८ ने असमर्थ माणसाला गरजेच्या वस्तू देणाऱ्या दुकानदाराला त्या माणसाच्या मालमत्तेतून पैसे मिळायची सोय दीडशे वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे. व्यवहारातून माणसाला बाहेर काढू नका, असंच ते कलम सांगतं.

शेवटचं मागणं लहान आहे. न्यायालयाने किंवा समितीने पालक नेमला की त्याची नोंद सातबाऱ्यावर आणि मिळकत पत्रिकेवर व्हावी. आदेश घेऊन मी आमच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे गेले होते. त्यांनी तो दोनदा वाचला. "अज्ञानाचं असतं तर अ.पा.क. लावलं असतं," ते म्हणाले, "याला काय लिहू?" त्यांना खरंच लिहायला शब्द नव्हता. तो शब्द आपण द्यावा. "अज्ञान" नको. चौतीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना अक्षरं शिकवलेल्या माणसाच्या नावापुढे तो शब्द मला चालणार नाही.

आजीच्या परवानगीचा आदेश, नानांचं मुखत्यारपत्र, उच्च न्यायालयाचा आदेश, आणि बँकेच्या अधिकाऱ्यांनी नंतर मला परत दिलेली ती स्लिप, हे सगळं माझ्याकडे आहे. आपल्यापैकी कोणी अशासकीय विधेयक मांडणार असाल, किंवा समितीपुढे बोलवणार असाल, तर मी कागद घेऊन येईन. फक्त वेळ दुपारनंतरची द्यावी. सकाळी नाना बोलतात.

आपली नम्र,
एका निवृत्त शिक्षकाची मुलगी
जिल्हा सातारा